वखवख म्हणजे काय

आई, या उन्हाळ्यात माझ्या नातीनं मला विचारलं, "आजी, वखवख म्हणजे काय?" नगरला सावेडीतल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर, सकाळची वेळ. मी टेबलाशी कोथिंबीर निवडत बसले होते, सून ओट्याशी पोळ्या लाटत होती. नात पहिलीतून नुकतीच दुसरीत गेलेली. तिनं फिल्टरखाली तांब्या भरला आणि तो तसाच तोंडाला लावला. घटाघटा पीत राहिली. हनुवटीवरून ओघळ फ्रॉकवर गेला तरी तिला पत्ता नाही. सून वळून हसत म्हणाली, "अगं, किती ही वखवख! हळू पी की. कुणी हिसकावून नेतंय का?" लाडानंच म्हणाली ती, रागाचा लवलेशही नव्हता. पोरगी इंग्रजी शाळेत जाते, त्यामुळे नवा मराठी शब्द कानावर पडला की त्याचा अर्थ घेतल्याशिवाय सोडत नाही. श्वास घ्यायला थांबली आणि माझ्याकडे बघून तिनं तो प्रश्न विचारला. कोथिंबिरीची काडी माझ्या हातातच राहिली.

खरं सांगायचं तर मला आधीच संशय आला होता. शाळेची बाटली रोज रिकामी परत येत होती, आणि ती म्हणायची, मैत्रिणीच्या बाटलीतलंही प्यायले. स्कर्टचा हुक सैल व्हायला लागला होता. जेवायला बसली की एक पोळी जास्त मागायची, आणि गालांची हाडं मात्र दिसायला लागली होती. कधीच गादी ओली न करणारी पोर सकाळी उठून चादर गोळा करून कोपऱ्यात लपवायची. मी ती चादर मशीनमध्ये टाकायचे आणि मनाशी म्हणायचे, उन्हाळा आहे. एकदा सुनेजवळ विषय काढला, तर ती म्हणाली, "आई, बाहेर केवढं ऊन आहे, मीसुद्धा दिवसभर पाणीच पितेय. तुम्ही उगाच घाबरता." मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी गप्प बसले. मनातलं बोलून दाखवलं की ते खरं होतं, असं मला लहानपणापासून वाटत आलंय. पण त्या सकाळी तो शब्द घरात बोलला गेला, आणि मग मला उन्हाळ्याच्या मागं लपता आलं नाही.

तो शब्द मला तुझ्याकडून मिळालेला. कोपरगावच्या पुढं, कारखान्याच्या कॉलनीबाहेर आपल्या दोन खोल्या. बाबा कारखान्यात बॉयलरवर, पाळी लागेल तसे जायचे. हंगाम सुरू झाला की बाहेरगावची माणसं कामावर यायची, फिटर, वेल्डर, कारकून, आणि आपल्या ओसरीवर तुझ्या हातचं जेवायची. हवेत मळीचा आंबूस वास भरून असायचा, धुतलेल्या कपड्यांवर चिमणीतली काजळी पडायची. तू चुलीसमोर पाठमोरी बसून भाकरी थापायचीस आणि मागं न बघता सांगायचीस, कडेच्याला कालवण न्हाई, त्याला वाढ. जेवणाऱ्यांची तुझी वेगळीच ओळख होती. एकाला हाव होती; भाजीचं पातेलं आलं की तो आधी आपल्याकडं ओढायचा. एकाला लोणच्याचा सोस होता. एक पोरगेला फिटर नुसता भुकेला होता, त्याला तू न मागता आणखी एक भाकरी टाकायचीस. आणि काहींना वखवख. मी एकदा तुला विचारलं होतं, हाव आणि वखवख यांत फरक काय. तू पीठ मळता मळता म्हणालीस, "हाव मान्साच्या मनात असती. वखवख मान्साला लागती. भायरून येऊन लागती, आन् पोट भरलं तरी जात न्हाई." त्यानंतर कितीतरी दिवस मला ती एखाद्या बाईसारखी वाटायची, मोकळ्या केसांची, टळटळीत दुपारी उसाच्या कडेनं चालणारी. कुणाला लागेल काय सांगावं. मी जेवताना मुद्दाम हळूहळू चावायचे, तिचं लक्ष माझ्याकडं जाऊ नये म्हणून.

धाकटीला ती थंडीत लागली. मी अकरा वर्षांची, ती आठची. पहाटे अंगणातल्या बादलीतलं पाणी हाताला झोंबायचं अशा दिवसांत ती रांजणापाशी उभी असायची आणि ओगराळं भरभरून प्यायची. रात्री गोधडी ओली करायची, तू ती उन्हात टाकताना पुटपुटायचीस. भाकरीच्या टोपलीत हात घालताना तू तिला कितीदा धरलंस. आणि एवढं खाऊन तिचे पाय काडीसारखे झालेले. मोरीत मुंग्यांची रांग लागायला लागली. तू म्हणालीस, गुळाचं पाणी सांडलं आसंल, आणि राख टाकलीस. दुसऱ्या दिवशी मुंग्या परत तिथंच. मला अजून ती काळी रांग दिसते. त्या मुंग्यांना काय सापडलं होतं ते आपल्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दुपारी ओसरीवर पंगत बसली होती. तू पितळी पातेल्यात ताक करून दाराआड ठेवलं होतंस. वाढायला म्हणून आत आलीस तर धाकटी पातेलं दोन्ही हातांनी तोंडाला लावून उभी. निम्मं ताक संपलेलं, उरलेलं झग्यावर. तुझ्या हातातला डाव खाली पडला. त्या आवाजानं सगळी माणसं जेवायची थांबली. तू ओरडलीस, "वखवखल्याली मेली! सात जल्माची उपाशी माझ्याच पोटी आली व्हय? मान्सांच्या तोंडचं काढून गिळतीस?" ती रडली नाही. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली, "आई, लई तहान लागलीय." बाहेरून कुणीतरी हसून म्हणालं, "पिऊ द्या वहिनी, पोरच हाय." त्या हसण्याचीच तुला जास्त लाज वाटली असणार. तू पातेलं उचलून वरच्या फळीवर ठेवलंस, रांजणावर जड फळकूट टाकलंस आणि मला बजावलंस, "हिच्याकडं ध्यान ठेव. जेवल्याबिगर पानी न्हाई." मी ध्यान ठेवून बसले. धाकटी रांजणाजवळ गेली, फळकूट हलवायचा प्रयत्न केला, ते हललं नाही. मग ती गुडघ्यांवर बसली आणि रांजणाचं बाहेरून पाझरलेलं ओलं अंग चाटायला लागली. मी धावत येऊन तुला सांगितलं. तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "नखरं हायेत."

चार-पाच दिवसांत तिला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून पडून राहिली. मग श्वास बदलला. लोहाराच्या भात्यासारखा खोल, मोठा, आणि तोंडाला पिकून उतरलेल्या पेरूसारखा वास. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तो वास घेतला आणि म्हणाले, नगरला न्या, आत्ताच्या आत्ता. कारखान्याची जीप मिळाली. बाबा पाळीवर होते, त्यांना निरोप ठेवला. मला कुणापाशी ठेवायचं सुचलं नाही म्हणून मीही जीपमध्ये. तुझ्या मांडीवर तिचं डोकं, माझ्या मांडीवर तिचे पाय. राहाता गेलं, राहुरी गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसाच्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, आणि जीपमध्ये फक्त तो श्वास. मी तो मोजत नव्हते, फक्त पुढचा येतोय ना हे ऐकत होते. तू तिच्या केसांवरून हात फिरवत होतीस आणि एकच म्हणत होतीस, "पानी देते हं, पोचलो की पानी देते."

नगरच्या मोठ्या दवाखान्यातल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तुला बाजूला घेतलं होतं. मी तुझा पदर धरून उभी होते. ते म्हणाले, "पाणी किती दिवसांपासून जास्त पीत होती?"

तू म्हणालीस, "दिवाळीपसनं आसंल."

"मग आधी का नाही आणलं?"

मग म्हणालीस, "मला वाटलं, वखवख हाय."

"कसली?"

"खायाची. लोभाची. पोरगी हावरट निघाली आसं वाटलं."

त्यांनी चष्मा काढला. ते तुला रागावले नाहीत, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं असं तुझ्याकडं बघून मला वाटलं. म्हणाले, "बाई, ती खात होती ते तिच्या अंगाला लागतच नव्हतं. सगळी साखर लघवीवाटे जात होती, आणि तिच्यामागं पाणी. भरल्या ताटावर पोर उपाशी होती." तू पदराचा बोळा तोंडात कोंबलास. आवाज काही आला नाही. फक्त तुझे खांदे हलत होते आणि तुझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या.

म्हणून आई, त्या सकाळी मी कोथिंबीर तशीच टाकली आणि नातीला म्हटलं, "चल, चप्पल घाल." सून म्हणाली, "कुठं?" मी म्हटलं, "रक्त तपासायला." ती काहीतरी बोलणार होती, पण माझ्या तोंडाकडं बघून तिनं गॅस बंद केला आणि स्कूटरची किल्ली घेतली. कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये एका मुलीनं नातीच्या बोटाला टोचलं. आता एका थेंबात कळतं, काही क्षणांत. मशीनवर जे आलं ते बघून ती मुलगी म्हणाली, "हात गोडाचे असतील, धुऊन या." हात धुतले. दुसऱ्या बोटाला टोचलं. मग ती आत जाऊन तिथल्या डॉक्टरांना घेऊन आली, आणि मला पुढचं ऐकायची गरज उरली नाही. नात बोट चोखत म्हणाली, "आजी, मला पाणी." मी तिला माझी बाटली दिली. सून "अहो आई, नको" म्हणत पुढं झाली, तिला वाटलं डॉक्टरांना विचारायला हवं. मी म्हटलं, "पिऊ दे तिला. जेवढं हवं तेवढं पिऊ दे." माझा आवाज इतका मोठा झाला की बाकावरची माणसं बघायला लागली.

दवाखान्यात तिला दाखल करून घेतलं. रक्तात आम्ल चढायला नुकती सुरुवात होत होती, त्याहून पुढं गेलेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई माझ्या मुलापेक्षाही लहान. म्हणाल्या, "वेळेत आणलंत. कुणाच्या लक्षात आलं?" सुनेनं माझ्याकडं बोट केलं. मला अभिमान वाटायला हवा होता म्हणतेस? मी मनात ओल्या चादरी मोजत होते. मुलगा एमआयडीसीतनं धावत आला, तोही हादरलेला, पण तो बायकोला धीर देत राहिला आणि सारखं म्हणत राहिला की आता यावर सगळं काही निघालंय. दुपारी सून माझ्याशेजारी बाकावर येऊन बसली. तोंड सुजलेलं. म्हणाली, "आई, मी तिला वखवख म्हणाले हो." तेव्हा मी तिचा हात हातात घेतला आणि तुझ्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलेलं तिला जसंच्या तसं सांगितलं. मग तुझं आणि धाकटीचं सांगत राहिले. संध्याकाळपर्यंत सांगत राहिले. तिला धाकटी फक्त भिंतीवरच्या फोटोतली मावससासू म्हणून माहीत होती.

धाकटी त्यातून वाचली आणि तू दवाखान्यात तिला रोजची सुई द्यायला शिकलीस, ते सांगितलं. घरी आल्यावर हात बसावा म्हणून तू वांग्यांना टोचायचीस. चुलीसमोर बसून, काचेच्या पिचकारीत साधं पाणी भरून, एकेका वांग्याला. ती टोचलेली वांगी तू कधी शिजवली नाहीस, गाईला घातलीस. पहिल्यांदा धाकटीच्या मांडीला सुई दिलीस तेव्हा तुझा हात अजिबात हलला नाही. मी बघत होते. सुई काढलीस, पिचकारी उकळायला ठेवलीस, तिला म्हणालीस, "झालं बग, मुंगी चावली," आणि मग उठून मोरीत गेलीस. तिथून ओकारीचा आवाज आला. बाहेर आलीस तर तोंड धुतलेलं, आणि पंगतीची ताटं मांडायला लागलीस. औषधाची बाटली तू ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायचीस आणि उन्हाळ्यात त्या मडक्यावर सारखं पाणी शिंपडायचीस. सकाळ-संध्याकाळ साखर बघायला नळीतल्या निळ्या औषधात तिच्या लघवीचे थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचीस. निळं औषध निळंच राहिलं तर सुटलो. हिरवं झालं तर बरं. पिवळं, नारिंगी, आणि विटेसारखं लाल झालं की तू कुणाशी बोलायची नाहीस. मी शाळेतून येताना कोपऱ्यावरूनच तुझ्या तोंडाकडं बघायचे. कुठला रंग आला ते तुझ्या तोंडावरून कळायचं, मला नळी बघावी लागायची नाही.

वखवख हा शब्द त्यानंतर आपल्या घरात कुणी उच्चारला नाही. पंगतीला कितीही हावरा माणूस आला तरी तू त्याला दुसरं काहीतरी म्हणायचीस. एकदाच, मी तेराची असताना, एका नव्या जेवणाऱ्याबद्दल तू मला हळूच म्हणालीस, "त्याची नजर..." आणि शब्द गिळलास. "वाढायला तू जाऊ नको." तू गिळलेला शब्द मला कळला होता. मग एके दिवशी तो धाकटीनंच परत आणला. ती अंगणात खेळत होती, अचानक घामानं डबडबून आत आली, हात थरथरत होते, डोळे कसेतरीच. म्हणाली, "आई, मला वखवख होतीय." तू दचकलीस. तुला वाटलं तिनं तुझं बोलणं तुझ्या अंगावर फेकलं. पण तिच्या मनात तसलं काही नव्हतं. औषध जास्त झालं किंवा जेवायला उशीर झाला की साखर एकदम उतरते, आणि मग आतून पोटापासून बोटांपर्यंत काहीतरी ओढून नेल्यासारखी भूक लागते. तिच्याजवळ त्याला दुसरा शब्दच नव्हता. तू गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबलास. थोड्या वेळानं ती भानावर आली आणि तू तिला कुशीत घेऊन म्हणालीस, "आसं झालं की सांगायचं. हेच सांगायचं. लाजायचं न्हाई." तेव्हापासून तू तिच्या प्रत्येक परकराला आतून खिसा शिवायला लागलीस, साखरेसाठी. आणि दिवसातून कितीदातरी, भाकरी थापताना, कपडे धुताना, तू हाक मारायचीस, "वखवख होतीय का गं?" इतक्या मायेनं तो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. तुझ्या आवाजातली भीती मात्र मला तेव्हा ऐकू यायची नाही. आता येते.

सुनेला मी त्या लग्नाचंही सांगितलं. बाबांच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न. धाकटी तेव्हा कॉलेजात, नवं पातळ नेसलेली, त्याला खिसा नव्हता. मुहूर्त टळून गेला, वऱ्हाड उशिरा आलं, पंगत लांबली. तिनं स्वयंपाकाच्या मांडवात जाऊन एका बाईला म्हटलं, मला थोडं काहीतरी खायला द्या. ती बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "वऱ्हाडी उपाशी, आन् हिला काय वखवख सुटली बगा! उद्या सासरी काय करशील?" बायका हसल्या. धाकटी मागं फिरली आणि मांडवाच्या खांबापाशी येऊन गप्प बसली. मी तिला शोधत आले तेव्हा ती खांबाला टेकून डोळे उघडे ठेवून बसली होती, आणि मी हाक मारली तरी तिला ऐकू येत नव्हतं. मी तुला हाक मारली. तू बायकांमधून धावत आलीस, अशी धावताना मी तुला आधी कधी बघितलं नव्हतं. कमरेची साखरेची पुडी फोडलीस आणि तिच्या हिरड्यांना साखर चोळत राहिलीस, चोळत राहिलीस. सनई वाजतच होती. शेवटी तिनं गिळलं. तिचे डोळे तुझ्यावर आले. ती बाई तोवर जवळ येऊन उभी होती, घाबरलेली. तू उठली नाहीस. खालूनच तिच्याकडं बघून म्हणालीस, "माज्या पोरीला वखवख होती म्हंजी तिचा जीव मागत आसतो, वहिनी. त्याला हसायचं नसतं." एवढंच. तुझा आवाजही चढला नाही. पण मग त्याच बाईनं स्वतःच्या हातानं धाकटीला भात भरवला.

इथपर्यंत सांगून मी सुनेपाशी थांबले. पुढचं सांगितलं नाही.

पुढचं तुला आणि मलाच माहीत. धाकटी शिकली, बालवाडीत शिकवायला लागली, लग्न केलं नाही, माझ्या मुलाला तिनंच बोट धरून कारखान्याची चिमणी दाखवली. आणि तिशी ओलांडल्यावर तिची मूत्रपिंडं थकली. तेव्हा डॉक्टरांनी पाण्यावर बंदी घातली. दिवसभरात मोजून थोडंसं, वाटीनं. पुन्हा तीच तहान आणि पुन्हा राखण करायला तूच. तू ओल्या फडक्यानं तिचे ओठ टिपायचीस. ती रागवायची नाही, फक्त माठाकडं बघत राहायची. एका दुपारी मी आले होते. डॉक्टरांनी आदल्या दिवशी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, लई तहान लागलीय." तू उठलीस, माठातनं काठोकाठ तांब्या भरलास, तिला आपल्या छातीशी टेकवून बसवलंस आणि तांब्या तिच्या तोंडाला लावलास. मी "आई!" म्हणून ओरडले. तू माझ्याकडं न बघता म्हणालीस, "पिऊ दे." ती पुष्कळ वेळ पीत होती. दोन दिवसांनी गेली. त्यानंतर तूही फार दिवस राहिली नाहीस.

आता नात घरी आहे. गाल भरून यायला लागलेत. सुई आता पेनासारखी असते, दंडावर रुपयाएवढी चकती चिकटवलेली असते आणि साखर वर-खाली झाली की सुनेच्या मोबाईलवर वाजतं. सून आणि मुलगा माझ्यापेक्षा हुशारीनं सगळं करतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, काळ बदललाय, ही म्हातारी होईल, नातवंडं खेळवील. त्यांच्यासमोर बसलेली असते तोवर माझा विश्वास बसतो. घरी आले की मोबाईल वाजतो आणि मी नातीच्या कपाळाला हात लावून घाम बघते. कुकरची शिट्टी झाली तरी मी उठून उभी राहते. ती शाळेत असते तेवढा वेळ मी कशालाही हात लावू शकत नाही, खिडकीशी बसून असते. शाळेच्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगून आले की ही मधेच खायला मागेल तेव्हा तिला काही म्हणू नका. सून बाहेर गेलेली असताना एकदा माझ्यावर सुई द्यायची वेळ आली. आई, माझा हात तुझ्यासारखा नाही. तो इतका थरथरत होता की पोरीनंच माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "आजी, मुंगी चावते फक्त." ते तिला मीच शिकवलं होतं.

तिच्या प्रश्नाचं उत्तरही मी तिला दिलं. म्हटलं, अंगातली साखर उतरली की हात थरथरतात, घाम येतो, आणि खूप खूप खावंसं वाटतं, त्याला वखवख म्हणायचं. तशी झाली की ओरडून सांगायचं, कुणीही समोर असलं तरी. शब्दकोशात हा अर्थ नसेल. शेजारच्या बाईंना तो ऐकून कसंतरीच वाटतं, कारण पोरगी जिन्यातनं ओरडत येते, "आजी, वखवख!" आणि मी साखरेचं पाणी घेऊन दाराकडं धावते.

हे पत्र पाठवायचं नाहीच. पण लिहायला बसले ते एका गोष्टीसाठी, आणि तीच इतका वेळ लांबवत आले. दवाखान्यातून आल्यावर नातीनं भिंतीवरच्या फोटोकडं बोट करून विचारलं, "तुझ्या बहिणीला पण हेच होतं ना?" मी हो म्हटलं. "तिला दुखायचं?" थोडं, म्हटलं. "मग ती आता कुठं असते?" सून ओट्याशी होती. तिचा हात थांबला, पण ती वळली नाही. मी म्हणाले, "कोपरगावला." पोरीचा चेहरा असा उजळला, की मी आणखी बोलून बसले, तिचं बरं चाललंय, बालवाडीत शिकवते. "मग सुट्टीत तिच्याकडं जाऊ या. मला तिला खूप विचारायचंय." मी हो म्हटलंय, आई. दिवाळीची सुट्टी जवळ आलीय. काय काय विचारायचं ते ती रोज मला येऊन सांगते, आणि मी मान हलवते.